खिडकीशेजारचा खांब

श्रीधर गेल्याचा फोन मीनलने केला. त्याची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. "काका, डॅडी इज गॉन," एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. अशा वेळी माणूस काहीतरी धीराचं बोलतो, निदान "कसं झालं" असं तरी विचारतो. माझ्या तोंडून निघालं, "कुठे?"  ती म्हणाली, "इन द ओक रूम. ही वॉज जस्ट सिटिंग देअर." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिलो. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं की हार्ट अटॅक. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं आणि ते खरंच आहे. पण मी "कुठे" असं का विचारलं, हे मी तिला सांगितलं नाही. आज सात आठवड्यांनी ते लिहायला बसलोय, कारण श्रीधरबद्दल दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. त्याच्या त्या खोलीतला एक खांब उलटा उभा आहे, आणि तो माझ्यामुळे उलटा आहे.

श्रीधर सुताराचा मुलगा. साताऱ्याकडच्या एका खेड्यात त्याचे वडील, नाना, घरं बांधायचे, लग्नाचे चौरंग करायचे, गाड्यांची चाकं भरायचे. श्रीधर शाळेच्या आधी आणि शाळेनंतर त्यांच्या हाताखाली असे. पुढे तो इंजिनिअर झाला, माझ्यासारखाच न्यू जर्सीत आला, टेलिफोनच्या कंपनीत लागला. आयसेलिनला तेव्हा जेमतेम दोन-चार देशी दुकानं होती. त्यातल्याच एकात, तुरीच्या डाळीच्या पोत्याशी, आमची ओळख झाली. मी डाळ बघत होतो, हा पोतं ज्या फळीवर ठेवलं होतं ती फळी बघत होता. "मेपल आहे," तो म्हणाला, "डाळ ठेवायला वापरलंय, अरे देवा!" मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला.

नाना पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा श्रीधरचं नवं घर बघून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भिंतीवर टकटक. भिंत अर्थातच पोकळ वाजली. इथली घरं तशीच असतात, बारीक फळ्यांचा सांगाडा आणि त्यावर पुठ्ठ्यासारखे तक्ते. नानांनी दुसरी भिंत वाजवली, तिसरी वाजवली. "सगळं खोकंच आहे की रे," ते म्हणाले, "खोक्यात झोप लागत न्हाई मला." सहा महिन्यांसाठी आलेला माणूस पंधराव्या दिवशी परत गेला. श्रीधरची आई वारल्यानंतर नाना गावी एकटेच राहत होते. श्रीधरला त्यांना कायमचं इथे आणायचं होतं, आणि त्याच्या मनाने त्या दिवशी घेतलं ते घेतलंच. नानांना झोप लागेल अशी एक तरी खोली या घराला जोडायची. खिळा न मारता, स्वतःच्या हाताने, नानांनी शिकवली तशी.

लाकूड त्याच्या परसातच होतं. मागच्या बाजूला एक जुना ओक होता, वादळात अर्धा चिरलेला, घरावर पडेल म्हणून तो पाडणं भागच होतं. पाडण्याआधी श्रीधरने त्याच्या बुंध्याशी नारळ फोडला, हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी बोलला. मी चेष्टा केली, की झाडाला मराठी कळतं का. तो म्हणाला, "माफी मागितली, ती कुठल्याही भाषेत कळते." मग एका माणसाला बोलावून खोडातून तुळया आणि चार खांब चिरून घेतले. ओक ओला असतानाच कामाला घ्यायचा असतो. वाळला की तो लोखंडासारखा होतो आणि पटाशी नुसती घसरते. ओल्या ओकला आंबूस वास येतो, आणि वाळताना तो तडकतो, आवाज करतो. हे सगळं मला श्रीधरने शिकवलं. जोड कसा करायचा तेही, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. नानांची ठोकायची एक सवय होती, ती श्रीधरलाही लागली होती. दोन ठोके पटाशीवर, एक नुसताच लाकडावर. टक टक... ठप. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, लाकडाला सांगायचं असतं की अजून मी आहे.

आणि एक नियम होता, त्यावर मात्र तो हसायचा नाही. खांब उभा करायचा तो झाड उभं होतं तसाच, मुळाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. चौकोनी चिरल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात, म्हणून त्याने प्रत्येक खांबाच्या मुळाकडच्या टोकाला बायकोच्या, म्हणजे सुमनवहिनींच्या, करंड्यातलं कुंकू लावून ठेवलं होतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मी त्याला कागदावर दाखवलं की खांबावर भार दोन्ही टोकांना सारखाच येतो, लाकडाला वर-खाली नसतं. "तुझ्या कागदाला नसेल," तो म्हणाला.

ब्याऐंशीचा उन्हाळा. जुलैत एक आठवडा त्याला ऑफिसच्या कामाने बाहेर जावं लागलं. जाताना त्याने मला दोन कामं दिली. पटाश्यांना धार लावायची, आणि उन्हात खांबांची टोकं चिरू नयेत म्हणून त्यांच्यावर रोज पाणी मारायचं. धार लावण्यात आणि पाणी मारण्यात चूक करायला जागा नाही, म्हणून ही कामं मला. पहिल्याच दिवशी मी होज, म्हणजे बागेतला पाण्याचा पाइप, घेतला आणि मनापासून, भरपूर पाणी मारलं. होज बंद केला तेव्हा गवतावर लाल ओघळ दिसले. चारही खांबांचं कुंकू धुऊन गेलं होतं.

आता फोन करून सांगायचं की नाही? सांगितलं असतं तर तो हसला असता, किंवा चिडला असता, आणि परत येऊन गाठी बघून त्याने टोकं ओळखली असती. फांदी जिथून फुटते तिथे लाकडात गाठ असते, आणि ती वरच्या अंगाला झुकलेली असते. सुताराला ते कळतं. मला तेव्हा कळत नव्हतं. पण मी त्याच्या कुंकवाची इतकी टिंगल केली होती की आता "तुझं कुंकू पुसलं" हे सांगायची मला लाज वाटली. एवढ्याशा लाजेपोटी माणूस काय काय करतो! मी घरात गेलो, वहिनी खरेदीला गेल्या होत्या, देवघरातला करंडा घेतला आणि पुन्हा टिळे लावले. तीन खांबांचं मला आठवत होतं, किंवा आठवतंय असं वाटलं. चौथ्याचं नाही. तो मी वळवून पाहिला, पुन्हा वळवला, आणि शेवटी मनाशी म्हटलं, लाकडाला वर-खाली नसतं. आणि एका टोकाला बोट टेकवलं.

श्रीधर आला आणि त्याने कुंकवावर विश्वास ठेवला. गाठी त्याने पाहिल्याच नाहीत. ऑगस्टमधल्या एका शनिवारी इथल्या मराठी मंडळातली दहा-बारा माणसं जमली, दोर बांधले, "मोरया" म्हणत सांगाडा उभा केला, वहिनींनी सगळ्यांना मिसळ घातली. श्रीधरच्या डोळ्यांत पाणी होतं. मी टाळ्या वाजवत होतो.

आठवड्याभरात खिडकीशेजारच्या खांबावर हात उमटला. गुडघ्याच्या उंचीवर, काळानिळा, पाचही बोटं स्वच्छ, आणि बोटं जमिनीकडे. मीनलने पहिल्यांदा पाहिला आणि किंचाळली. श्रीधर हसला, म्हणाला, ओकमध्ये एक आम्ल असतं, लोखंडाची भुकटी लागलेला हात ओल्या ओकवर टेकला की असा डाग येतो. कुणीतरी धार लावल्यावर हात न धुता खांब धरला असणार. त्याने रंधा मारला, हात गेला. पुढच्या उन्हाळ्यात हवा दमट झाली तसा पुन्हा आला, जरा पुसट. वहिनींनी लिंबू घासून काढला. नंतरच्या वर्षी पुन्हा. मी प्रत्येक वेळी रसायनशास्त्र सांगायचो, आणि माझा उजवा हात खिशात असायचा.

नाना त्र्याऐंशीच्या शरदात आले. खोली पुरी झाली होती, मोठ्या खिडक्या, जमिनीलाही ओकच. श्रीधर त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला. नानांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, म्हणून ते हाताने बघत होते. पहिल्या खांबावर तळवा ठेवला, वरून खाली नेला, मान डोलावली. दुसरा. तिसरा. प्रत्येक जोडावर अंगठा फिरवत होते आणि तोंडाने "हां, हां" करत होते. श्रीधर त्यांच्या मागे शाळेतल्या पोरासारखा उभा. खिडकीशेजारच्या खांबावर त्यांचा हात गेला आणि एका गाठीवर अंगठा थांबला. "हां" आलं नाही. पुन्हा त्याच गाठीवरून अंगठा फिरला, खालून वर, वरून खाली. बाकीचे सगळे नानांकडे बघत होते, मी एकटा खिडकीबाहेर बघत होतो. का कोण जाणे, मी वळलो तेव्हा नानांचा चेहरा माझ्याकडे होता. "काम चांगलं झालंय," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी आपली वळकटी उचलली आणि बैठकीच्या खोलीत नेली. "हितं ऊब बरी हाय," म्हणाले. त्या पोकळ भिंतींच्या खोलीत ते सहा आठवडे झोपले आणि मग गावी गेले. ओकच्या खोलीत त्यांनी एक रात्रही काढली नाही.

श्रीधरने त्याबद्दल मला कधी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. नाना गावी परतल्यावर महिन्याभराने त्या खांबाला पाठ लागेल अशी एक लाकडी खुर्ची तिथे आली. मी कधीही गेलो की श्रीधर किंवा वहिनी त्या खुर्चीत बसलेले असत. हातात पुस्तक नाही, विणकाम नाही, टीव्ही दुसऱ्या खोलीत. नुसतं बसणं. मला वाटायचं, उन्हाची जागा आहे. पण तिथे ऊन सकाळचं तासभरच येतं, हे मला माहीत होतं, कारण खिडक्यांची दिशा मीच ठरवून दिली होती.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते तिघं आठवडाभर कॅनडाला गेले. किल्ली माझ्याकडे. "झाडांना पाणी घाल," श्रीधर म्हणाला, आणि मग जरा थांबून, "रोज थोडा वेळ बस रे वसंता तिथे, खुर्चीत. घर रिकामं वाटू नये." मी हो म्हटलं. पहिल्या दुपारी गेलो, लख्ख ऊन होतं, शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. कुंड्यांना पाणी घालून मी खोलीच्या दारात उभा राहिलो. गवत कापायचं मशीन थांबलं. आणि खिडकीशेजारून आवाज आला. टक टक... ठप. ओक वाळताना आवाज करतो, तीन वर्षांचा ओक अजून वाळतच असतो, हे मला पाठ होतं. टक टक... ठप. सारख्या अंतराने. मी मोजले, इंजिनिअर आहे. सातव्यांदा झाल्यावर मी झारी जिथे होती तिथे टाकली आणि बाहेर आलो. दार लावलं की नाही तेही बघितलं नाही. बाकीचे सहा दिवस मी त्या घराकडे फिरकलो नाही. कुंड्या वाळल्या. श्रीधरला मी सांगितलं की विसरलो. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच आठवड्यात गावाकडे नाना झोपेत गेले होते. तार मागाहून मिळाली. दुपार कुठली आणि तारीख कुठली, हे मी कधी ताडून पाहिलं नाही. ताडून पाहणं हा माझा धंदा असूनही.

श्रीधर गेला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. सिगारेट नाही, दारू नाही, दर वर्षी तपासणी. एका शुक्रवारी ऑफिसमधून लवकर घरी आला, खुर्चीत बसला, आणि वहिनी हाक मारायला गेल्या तेव्हा डोळे मिटलेले, पाठ खांबाला, दोन्ही हात मांडीवर.

दिवसपाणी झालं, मीनल कॉलेजला परत गेली, मग मी एक दिवस सुट्टी काढून वहिनींकडे गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. त्या मला ओकच्या खोलीतच घेऊन गेल्या. खोली सुंदर आहे, हे लिहायलाच हवं. लाकूड आता मधासारखं पिवळं झालंय. वहिनी खुर्चीत बसणार, तेवढ्यात मी म्हणालो, "वहिनी, थांबा, मला काहीतरी सांगायचंय," आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. होज, कुंकू, बोट. त्यांनी ऐकून घेतलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लावलंत हे नव्हतं माहीत. खांब उलटा आहे हे माहीत होतं. नाना जाताना मी विचारलं होतं त्यांना, तुम्ही या खोलीत का झोपत नाही म्हणून. त्यांनी सांगितलं. म्हणाले, श्रीधरला सांगू नकोस, तो मोडून काढेल, आणि इतकं चांगलं काम मोडू नये."

"आणि...?"

"म्हणाले, उलट्या खांबाला एकटं ठेवू नये. रोज कुणीतरी पाठ टेकून बसावं. म्हणजे जे काय व्हायचं ते बसणाऱ्याला होईल, बाकीच्यांना नाही." वहिनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "म्हणून मी बसायला लागले. तर हे मला रोज उठवायचे. ऊन लागतं, वारा लागतो, पाठ धरेल. एक दिवस आमचं या खुर्चीवरून चांगलंच भांडण झालं. तेव्हा कळलं, त्यांनाही माहीत आहे. लहानपणी नानांनीच सांगितलं होतं त्यांना, आणि नाना गावी परतल्यावर त्यांनी गाठी बघितल्या होत्या." वहिनी थोडं हसल्या. "मोडायचं नाही हा नानांचा शब्द होता, मग आम्ही वार वाटून घेतले. सोम, बुध, शुक्र माझे. मंगळ, गुरू, शनि त्यांचे. रविवारी आळीपाळीने. मीनलला कधी कळू दिलं नाही. आणि तुम्हालाही सांगायचं नाही म्हणाले, का ते मला आज कळतंय. वसंताला फार लागेल, त्याचा विश्वास नाही ना, त्याला जास्त लागेल."

 त्याला कळलं होतं की हे माझं काम. हात कुणाचा उमटतो हे सुताराच्या पोराला कळणार नाही? पाच वर्षं तो माझ्याशी पत्ते खेळला, माझ्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या, आणि मी रसायनशास्त्र सांगताना मान डोलावत राहिला.

"त्या दिवशी शुक्रवार होता, भावजी," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "वार माझा होता. मी पुरणाला बसले होते, हात भरलेले. हे आले, म्हणाले, तुझं होऊ दे, आज मी बसतो. मी हो म्हटलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इंजिनिअर. तुम्ही नेहमी म्हणता. लाकडाला वर-खाली नसतं ना? खरं सांगा."

माझ्याकडे त्यांना देण्यासारखं तेवढंच होतं. "नसतं, वहिनी," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. "अजिबात नसतं. त्याच्या घराण्यात हृदयाचा त्रास असेल. पुरणाचा, वाराचा काही संबंध नाही." आणि त्यांना पटावं म्हणून मी पुढे होऊन त्या खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाठ खांबाला टेकवली. लाकूड थंड असेल असं वाटलं होतं, ते कोमट होतं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं. ऊन तर केव्हाच फिरलं होतं.

वहिनींनी डोळे पुसले, "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी बसून राहिलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. पाठीमागे खांबात काहीतरी हललं, की माझाच श्वास होता, सांगता येत नाही. मी उठलो नाही. मनातल्या मनात श्रीधरशी बोललो, जे इतकी वर्षं बोलायचं राहिलं होतं ते सगळं.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप खिडकीत ठेवला. थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या, मग हळूच माझ्या खांद्याला हात लावला.

"उठा, भावजी," त्या म्हणाल्या. "आज बुधवार आहे. माझा वार."

मी उठलो.